नैवेद्याची गोळी

जिजींच्या घरी राहायला गेले त्या पहिल्याच संध्याकाळी माझी खोकल्याच्या औषधाची बाटली देवापुढे गेली. मी बूच उघडून चमचा शोधत होते, तेवढ्यात मागून एक हात आला आणि बाटली घेऊन गेला.

"त्याला दाखवलं का?"

"कुणाला?" मी विचारलं.

जिजींनी माझ्याकडे असं पाहिलं की मी खोकायचीच थांबले. बाटली ताम्हनात उभी राहिली, तिच्याभोवती पळीने पाणी फिरलं, जिजींचे डोळे मिटले, ओठ हलले. मग बाटली परत माझ्या हातात आली. "घे आता बिनघोर."

मी श्रीगोंद्याची. सोनईजवळच्या एका शाळेत नोकरी लागली, म्हणून सोनईत खोली बघितली ती जिजींची. जिजी म्हणजे ठेंगण्या, साठी कधीच ओलांडलेल्या, नवरा नाही, मूल नाही, शेत वाट्याने दिलेलं. सगळी आळी त्यांना जिजीच म्हणायची. भाडं वेळेवर दे, दिवे बंद कर, असलं त्या मला कधी बोलल्या नाहीत. त्यांचा नियम एकच. त्या घराच्या उंबऱ्याच्या आत माणसाच्या पोटात जे जाईल ते आधी देवाला दाखवायचं. वरणभात सगळेच दाखवतात हो. पण इथे पाणीपुरीचं पार्सलसुद्धा आधी देवापुढे जायचं. वाढदिवसाचा केक, च्युइंगगम, सगळंच. पित्ताची ती फसफसणारी पावडर मी एकदा पाण्यात टाकली, तर ग्लास देवापुढे गेला आणि जिजींचं डोळे मिटून होईपर्यंत सगळा फेस बसून गेला. मी ते गोडसर पाणी मुकाट्याने प्याले.

"मग टूथपेस्ट?" मी एकदा चेष्टेने विचारलं.

"ती थुकायची वस्तू. त्याला कशाला दाखवू?" जिजी म्हणाल्या. त्यांनी सगळ्याचा विचार करून ठेवलेला असायचा. सुईतून जाणारं औषध दंडात जातं, पोटात नाही, सबब ते माफ.

हे वेड आलं कुठून, ते शेजारच्या अक्कांनी मला सांगितलं. जिजींचे मालक साखर कारखान्यात होते. एका सकाळी पहिल्या पाळीला निघाले ते घाईत चहा पिऊन गेले, देवाला दाखवायचं राहिलं. आणि घोडेगावच्या पुढे उसाच्या ट्रॉलीवर त्यांची स्कूटर आदळली. "तवापासून जिजीनं पान्याचा घोटसुद्धा सोडला न्हाई त्याला दाखवल्याबिगर," अक्का म्हणाल्या. स्वयंपाकघरात वरच्या फळीवर एक कपबशी पालथी घातलेली असायची, हिरव्या काठाची. मालक त्या दिवशी त्याच कपातून चहा प्याले होते. मला ते माहीत नव्हतं तेव्हा मी एकदा हात वर केला, तर जिजी एवढ्या जोरात ओरडल्या की माझ्या हातातलं पातेलं खाली पडलं.

आता मी मुळातच भित्री. समोरून उसाची ट्रॉली आली की स्कूटी कडेच्या मातीत उतरवून उभी राहते, मागचे हॉर्न वाजवोत नाहीतर शिव्या देवोत. असल्या माणसाने असल्या घरात राहायला जाऊ नये. सहा महिन्यांत माझी गत अशी झाली की शाळेत कुणी शेंगदाणे दिले तरी तोंडात टाकायच्या आधी मी इकडेतिकडे बघायची. सकाळी निघताना "जाते" म्हटलेलं चालायचं नाही. "येते म्हन." मग मी वळणापर्यंत पोचेस्तोवर जिजी ओट्यावर उभ्या, आणि संध्याकाळी परत यावं तर पुन्हा ओट्यावरच.

"आलीस?"

"आले."

तेवढंच. मग त्या आत जायच्या. मी हसायची तेव्हा. पण खरं सांगते, श्रीगोंद्याला माझ्या घरीसुद्धा माझी अशी वाट कुणी पाहिली नव्हती.

थायरॉईडचा त्रास जिजींना माझ्या आधीपासून होता. भर वैशाखात त्या स्वेटर घालून बसायच्या, पायात लोकरीचे मोजे. चेहरा सुजलेला, आवाज घोगरा. तांदूळ निवडता निवडता ताट मांडीवर तसंच आणि जिजी झोपलेल्या. बोलताना मधेच थांबायच्या आणि काय बोलत होतो ते मलाच विचारायच्या. दर काही महिन्यांनी मी त्यांना नगरला डॉक्टरीणबाईंकडे न्यायची. नगरचं आता अहिल्यानगर झालंय, पण एसटीत तिकीट मागताना तोंडातून नगरच येतं. जायचं एसटीनेच. मोठी गाडी, तिला कोण धडकतंय, असं जिजींचं म्हणणं. घोडेगाव येण्याआधी मात्र डोळ्यांवर पदर.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, बोलायला गोड. रिपोर्ट बघून कपाळाला आठ्या घालायच्या. "आजी, गोळी रोज घेता ना? चुकवत नाही ना?"

"एक दिस न्हाई."

"उपाशीपोटी?"

जिजींना हा प्रश्न अपमानाचा वाटायचा. "म्हंजी काय! अंघोळ, देवपूजा, मग गोळी. त्याच्या आधी पान्याचा थेंब न्हाई."

यात एक अक्षर खोटं नव्हतं. पूजा होईपर्यंत पाण्याचा थेंब नाही, हे मी रोज डोळ्यांनी बघत होते. मग गोळीची पॉवर वाढायची. पन्नासची शंभर झाली, शंभरची दीडशे. घरी येताना जिजी बाटली उन्हात धरून बघायच्या. "किती वाढवायची ही पॉवर? मी काय बल्ब हाय का?" वर हसायच्या, पण मनातून घाबरलेल्या असायच्या. इतकं औषध घेऊनही माणूस विझतच चाललंय म्हटल्यावर भीती वाटणारच.

जिजींचा रोजचा नैवेद्य मात्र कधी चुकला नाही. चांदीची छोटी वाटी, कोमट दूध, साखर, वर तुळशीचं पान. देवाला दाखवून झालं की त्या ते दूध प्यायच्या आणि शेवटचा चमचाभर माझ्या तळहातावर. "एकटीला परसाद ग्वाड लागत न्हाई गं." मी चाटून शाळेला जायची. त्या वाटीपायी जिजींचा जीव जायची पाळी येईल, असं मला कुणी सांगितलं असतं तर मी त्यालाच वेड्यात काढलं असतं.

मग नेवाशाचे त्यांचे चुलत दीर वारले. सुतक आलं. देव्हाऱ्यावर पांढरा पंचा पडला, घंटी गप्प, समई कोरडी. सुतकात देवाची पूजा नाही, नैवेद्य नाही. जिजींवर आभाळच कोसळलं. दिरांसाठी त्या रडल्या, नाही असं नाही. पण त्यांचं खरं दुःख दुसरंच होतं. खायचं तर आहे, आणि त्याला दाखवता येत नाही!

मी म्हटलं, "जिजी, मला कुठे सुतक आहे? मी दाखवते ना नैवेद्य."

"चूल एक हाय. सुतक समद्या घराला." विषय संपला.

जिजी घास हातात घेऊन पंचाकडे बघत बसायच्या, मग डोळे घट्ट मिटून गिळायच्या. सकाळची गोळीसुद्धा तशीच, साध्या पाण्याबरोबर. दुधाची वाटी धुऊन पालथी ठेवली होती. आणि गंमत बघा, त्या दिवसांत जिजी तरारल्या. आठवडा-दीड आठवडा गेला असेल, पायातले मोजे निघाले. आवाज मोकळा झाला. एक दिवस मी शाळेतून आले तर बाई सगळं घर सारवून, भांडी घासून, वर पापड लाटत बसलेल्या. अक्का दारातूनच कुजबुजल्या, "सुतकात कुनी असं फुलतं का गं? मला तर भ्याव वाटतंय." मी त्यांना हसले. मनातून मलाही ते बरं वाटलं नव्हतं.

दिरांचं तेरावं उरकतंय तोच भावकीतली एक म्हातारी गेली. भावकी मोठी, दुसरं सुतक. पंचा तसाच राहिला.

आणि मग जिजींचं सगळंच बिनसलं. भाकरी थापताना हात थरथरायला लागले. घाम असा की पाठीचा पदर ओला. झोप उडाली, पोट बिघडलं, एका जागी बसवेना. ओट्यावरून आत, आतून ओट्यावर. बांगड्या कोपरापर्यंत घसरायला लागल्या. "आत कोंबडं फडफडतंय गं," छातीवर हात ठेवून त्या म्हणायच्या, आणि त्यांचे डोळे पंचाकडे. मला कळत होतं त्या काय विचार करतायत ते. महिनाभर त्याला न दाखवता खाल्लं. मालकांनी एक कप चहा घेतला होता, तर काय झालं.

"मनाचं घेतलंय तिनं," अक्का म्हणाल्या. "देव दिसला की बरी हुईल."

सगळ्यांनाच ते पटलं. घाबरलेल्या माणसाची छाती धडधडतेच. इतकी वर्षं भीतीत काढलेली बाई, आता नेमाचा आधार सुटला, धडधडणारच. भीतीखाली दुसरं काही दडलेलं असेल असं कुणाला वाटलं नाही. आणि जिजी रोज सकाळी ती दीडशेची गोळी न चुकता घेत होत्या, कारण डॉक्टरीणबाईंनी चुकवू नका म्हणून बजावलं होतं.

त्या रविवारी दुपारी मी कपडे वाळत घालत होते. आतून हाक आली नाही, नुसता भांडं पडल्याचा आवाज आला. जाऊन बघते तर जिजी देव्हाऱ्याला टेकून बसलेल्या, ओठ पांढरे, श्वास तोकडा. मी मनगट धरलं. बापरे! नाडी धावतेय, मधेच अडखळतेय, थांबतेय, पुन्हा धावतेय. तिला काही ताळच नव्हता.

"जिजी, दवाखान्यात जायचं. आत्ता."

"न्हाई." त्यांनी माझा हात घट्ट धरला. "आज रस्त्यावं नको नेऊस. पोटात न दाखवलेला घास हाय माज्या. गाडीत बसले की मी संपले. अन् माज्यासंगं तू बी." शेवटचं वाक्य त्या अशा बोलल्या की मी जागच्या जागी थिजले. खोटं कशाला बोलू, क्षणभर मलाही वाटलं, नकोच जायला.

अक्कांच्या लेकाची जीप होती म्हणून निभावलं. त्याने जिजींना लहान मुलीसारखं उचललं आणि मागच्या सीटवर ठेवलं. घोडेगाव सोडलं तशा जिजी पुटपुटायला लागल्या, पदर डोळ्यांवर, नखं माझ्या दंडात रुतलेली. समोरून उसाच्या ट्रॉल्या एकामागून एक येत होत्या. प्रत्येक ट्रॉली जवळ आली की मी डोळे मिटायची. एवढ्या भीतीत मी आयुष्यात कधी बसले नव्हते. माझ्या मांडीवर एक माणूस मरतंय, आणि ते मरेल ते आजाराने की रस्त्याने, एवढाच काय तो प्रश्न.

दवाखान्यात छातीला वायरी लावल्या. डॉक्टरीणबाई ईसीजीची पट्टी बघून एकदम गंभीर झाल्या. "ठोके नुसते जोरात नाहीत, वेडेवाकडे पडतायत. असंच आणखी चाललं असतं तर रक्ताची गुठळी होऊन लकवा मारला असता. किंवा त्याहून वाईट." त्यांनी रक्त काढलं, थायरॉईडची गोळी लगेच थांबवायला सांगितली, ठोके आवरायला औषध सुरू केलं. मी बाहेरच्या बाकावर बसून देवाचं नाव घेत होते. मग आठवलं की मलाही सुतक आहे, आणि तेही थांबवलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी जिजी उठून बसल्या. डॉक्टरीणबाई रिपोर्ट घेऊन आल्या, चक्रावलेल्या. "आजपर्यंत गोळी पुरत नव्हती. आणि आता अंगात इतकी जास्त! महिनाभरात नवीन काय केलंत, आजी?"

"काई न्हाई. उलट दूध बी बंद."

"कसलं दूध?"

आणि मग ते सगळं बाहेर आलं. गोळी पोटात जाणारी वस्तू, म्हणून ती देवाला दाखवायची. पण गोळी बारकी, ताम्हनात घरंगळली तर सापडत नाही. म्हणून जिजी ती नैवेद्याच्या दुधातच विरघळवायच्या. तेच दूध प्रसाद म्हणून प्यायच्या. उरलेला चमचा माझ्या हातावर.

"माझ्या?" मी किंचाळलेच. माझी छाती तिथल्या तिथे धडधडायला लागली. "डॉक्टर, मी वर्षभर खातेय तो प्रसाद!"

त्यांनी माझी नाडी पाहिली, हसू दाबलं. "तुम्हाला काही झालेलं नाही. चमचाभरात कितीशी जाणार? पण दुसऱ्याची गोळी कुणी घ्यायची नसते, प्रसाद म्हणूनसुद्धा नाही. आजी, तुम्ही तर मला उपाशीपोटी म्हणाला होतात."

"मग? परसादानं उपास कुठं मोडतो?"

"देवाकडे मोडत नसेल. पोटाला ते दूधच." त्या खाटेच्या कडेवर बसल्या. "दुधाबरोबर ही गोळी अंगी लागत नाही. थोडी वाटीला चिकटली, थोडी या मॅडमना गेली. मला वाटलं गोळी कमी पडतेय, मी वाढवत गेले. कशाबरोबर घेता हे मी विचारायला हवं होतं. महिनाभर तुम्ही तीच गोळी पाण्याबरोबर घेतली आणि ती सगळीच्या सगळी लागू पडली." मग त्यांनी एकेक नीट समजावलं. आता मी सांगेन तेव्हाच गोळी सुरू करायची, आणि कमी पॉवरची. सकाळी उठल्या उठल्या, फक्त साध्या पाण्याबरोबर. त्यानंतर तासभर चहा-दूध काही नाही. कॅल्शियम किंवा रक्तवाढीची गोळी असेल तर तिच्यात आणि हिच्यात चार तास जाऊ द्यायचे. आपल्या मनाने वाढवायची नाही, थांबवायची नाही. छाती धडधडली तर मनाचं आहे म्हणून घरी बसायचं नाही. दीड-दोन महिन्यांनी पुन्हा रक्त तपासायचं.

जिजींचं निम्म्याकडे लक्ष नव्हतं. "म्हंजी हे... त्याला दाखवलं न्हाई म्हनून न्हाई झालं?"

"नाही, आजी."

"नक्की?"

"नक्की. गोळी जास्त झाली म्हणून झालं."

डॉक्टरीणबाई गेल्या. जिजी खिडकीकडे तोंड करून बोलल्या, "त्या दिवशी ते घाईत न्हवते गं."

"कोण?"

"मालक. लोक म्हनत्यात घाईत पिऊन गेले. ते देवापाशी कप घेऊन उभे हुते. मीच म्हनले, पाळी चुकंल, ऱ्हाऊ द्या दाखवायचं, प्या तसाच. मी म्हनले म्हनून प्याले." त्यांचा आवाज पुन्हा घोगरा झाला. "कपबशी अजून इसळायची हुती, तवर मानसं दारात. मी कुनालाच सांगितलं न्हाई." मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "मग ते कशानं गेले गं?"

मी खाटेवर त्यांच्याजवळ सरकले. "ट्रॉलीनं गेले, जिजी. धुकं होतं, आणि ट्रॉलीला मागे दिवा नव्हता. अक्कांनी सांगितलंय मला."

"च्यानं न्हाई?"

"चहानं नाही."

त्या रडल्या. नर्स पळत आली, पण मी तिला खुणेनेच थांबवलं.

घरी आल्यावर पंचा निघाला, समई लागली. गोळी पुन्हा सुरू झाली ती पहाटेच्या पाण्याबरोबर. पहिल्या दिवशी जिजींनी मला शेजारी बसवून घेतलं. पारोसं तोंड, देवाला न दाखवलेली गोळी! गिळल्यावर आम्ही दोघी भिंतीला टेकून काहीतरी होण्याची वाट बघत बसलो. काही झालं नाही. तासाभराने अंघोळ-पूजा करून दुधाचा नैवेद्य, बिनगोळीचा, आणि चमचाभर माझ्या हातावर. बाकी सगळं त्या आजही दाखवतात. माझे फुटाणेसुद्धा. पुढचा रिपोर्ट चांगला आला, तेव्हा पेढेही आधी देवाला.

मग थंडी आली. एका सकाळी मला उठायला उशीर झाला. शाळेत तपासणी होती. बाहेर धुकं इतकं की समोरचं अक्कांचं दार दिसत नव्हतं. जिजींची पूजा व्हायची होती, चुलीवर चहा उकळत होता. मी म्हटलं, "राहू द्या, जिजी, तशीच येते मी."

जिजींनी वरच्या फळीवर हात घातला. हिरव्या काठाची ती कपबशी खाली घेतली, धुतली, पदराने पुसली. चहा ओतला आणि माझ्यापुढे धरला. कप बशीत खुळखुळत होता.

"घे. गरम हाय तोवर."

माझीच नजर देव्हाऱ्याकडे गेली. "जिजी, दाखवायचं—"

"पी म्हनते ना."

मी प्याले. एवढा कडक चहा, पण चव म्हणाल तर आठवत नाही. रस्त्यावर मी सायकलच्या वेगाने स्कूटी चालवली, प्रत्येक ट्रॉलीला मातीत उतरले. दिवसभर वर्गात मला त्या कपाचा खुळखुळाट ऐकू येत होता.

संध्याकाळी आळीच्या वळणावरच अक्का भेटल्या. "सकाळधरनं ओट्यावरच हाय ती. जेवली न्हाई, उठली न्हाई."

जिजी खांबाला धरून बसल्या होत्या. मला बघून उठल्या.

"आलीस?"

"आले."

त्यांनी माझ्या तोंडावरून, खांद्यांवरून हात फिरवला. मग आत गेल्या. मी मागोमाग गेले. मोरीत ती कपबशी सकाळची तशीच पडली होती, तळाशी चहा वाळलेला. जिजी खाली बसल्या आणि ती विसळायला घेतली.